काबाईंचा अकरावा धडा

आमच्या प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना मुलं काबाई म्हणायची. कारण सोपं होतं. एका तासात त्या तीसेक वेळा तरी "का?" विचारायच्या. एखादं पोर म्हणालं, "बाई, पाणी प्यायला जाऊ?" तर काबाई म्हणणार, "जा. पण तहान का लागते, ते येताना सांग." मग ते पोर नळाखाली ओंजळ धरून विचार करत उभं, आणि मागे चार जणांची रांग. हे टोपणनाव त्यांना ठाऊक होतं. मला वाटतं, आवडतही होतं.

मी शेजारच्या वर्गात भाषा शिकवायचो. आमच्या दोन वर्गांमधली भिंत म्हणजे नुसत्या लाकडी फळ्या, त्यामुळे अकरा वर्षं त्यांचं विज्ञान मी फुकटात ऐकलं. मी कवितेचा अर्थ सांगत असायचो आणि पलीकडून आरडाओरडा यायचा, "बुडलं! बुडलं! बाई, लाकूड बुडलं!" मुख्याध्यापक म्हणायचे, "त्यांचा तास म्हणजे मासळीबाजार." मीही मान डोलवायचो. आत्ताच सांगून टाकतो, जे पुढे झालं त्यात माझी बाजू काही फार चांगली नाही.

बाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. उंच, सडपातळ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. खांद्यावरच्या पिशवीत मेणबत्तीचे तुकडे, खिळे, एक भिंग, सुतळी आणि कोणत्या तरी झाडाच्या बिया कायम असायच्या. यजमान बस चालवायचे, आता निवृत्त. शाळेच्या फाटकाशी त्यांना घ्यायला यायचे तेव्हा मला म्हणायचे, "सर, तीस वर्षं बस चालवली, पण सगळ्या प्रवाशांनी मिळून जेवढे प्रश्न विचारले नाहीत तेवढे ही एका जेवणात विचारते. भात मऊ का झाला, यावर आमच्याकडे चर्चासत्र होतं."

अशात एक परिपत्रक आलं. पहिली ते पाचवीचा विज्ञानाचा अभ्यासक्रम बदलणार. मुलांना उद्याच्या जगातली कौशल्यं शिकवायची, यंत्रांना सूचना कशा द्यायच्या, शिकणारी यंत्रं कशी चालतात, हे लहानपणापासून समजलं पाहिजे. पुस्तक लिहिणाऱ्या समितीवर प्रत्यक्ष वर्गात शिकवणारे काही शिक्षक हवेत. मुख्याध्यापकांनी काबाईंचं नाव पाठवलं. त्यात कौतुक कमी आणि दर शुक्रवारी मासळीबाजार बंद राहील हा विचार जास्त होता.

बाई मात्र फुलून गेल्या. शिक्षकांच्या खोलीत मला म्हणाल्या, "सर, ही सुधारणा व्हायलाच हवी होती. आपण अजून मुलांना कप्पी आणि तरफ शिकवून थांबतो. त्यांच्या घरातली यंत्रं त्यांच्याशी बोलतात, आणि आपण त्यांना सांगत नाही की ती बोलतात कशी."

"पण आपल्याकडे साधा एक संगणक धड चालत नाही," मी म्हणालो.

"यंत्र लागतंच कशाला? यंत्राचा विचार कसा चालतो ते समजायला मुलंच पुरे आहेत."

आणि खरंच त्यांनी मुलांनाच यंत्र केलं. एके दिवशी पलीकडचा गोंधळ ऐकून मी जाऊन बघितलं. चौथीतल्या एका मुलीला त्यांनी वर्गाबाहेर उभं केलं होतं. ती "यंत्र". आत बाकीच्या मुलांनी आवारातून वीस पानं गोळा करून आणली होती आणि कागदावर चिकटवून खाली लिहिलं होतं, "हे पान आहे." मग मुलीला आत बोलावलं. ते कागद तिने नीट पाहिले. त्यानंतर बाईंनी पिशवीतून एक लांब, सुईसारखं पान काढून तिच्या हातात दिलं. "हे काय?"

मुलगी म्हणाली, "हे पान नाही."

वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. "हसता का? चूक कोणाची? तिची की तुमची?"

मग मागच्या बाकावरची एक बारीक मुलगी उभी राहिली. तिला तोंड उघडताना मी कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "बाई, आपण सगळी पानं फाटकाजवळच्या एकाच झाडाची आणली. तिला वाटलं, पान म्हणजे गोलच."

"मग आता?"

"आता सगळीकडची आणायची."

सगळा वर्ग धावत आवारात सुटला. बाई दारात माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "बघितलंत? मोठी माणसं जे यंत्र बनवतात ना, त्याचंही घोडं इथेच पेंड खातं. जेवढं दाखवाल तेवढंच त्याला कळणार. आणि काय दाखवायचं ते माणूस ठरवतो. एवढं चौथीत समजलं तर पुढे कोणी त्यांना फसवू शकणार नाही."

दुसरा खेळ रस्ता सांगण्याचा. एकाचे डोळे बांधायचे, बाकीच्यांनी फळ्यावर सूचना लिहायच्या, चार पावलं पुढे, उजवीकडे वळ, थांब. डोळे बांधलेल्याने सांगितलं तेवढंच करायचं. तो दारावर आपटला की फळ्याशी जायचं आणि नेमकी कोणती सूचना चुकली ते शोधायचं. बाईंचा नियम एकच होता. दारावर आपटणाऱ्याला कोणी वेडा म्हणायचं नाही.

हे सगळं त्यांनी चौदा पानांत लिहिलं, स्वच्छ अक्षरात, आकृत्यांसकट. शुक्रवारी समितीत काय झालं ते सोमवारी मधल्या सुट्टीत सांगायच्या. अध्यक्ष पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बाई, तुमच्या लेखनाला वर्गाचा सुगंध आहे." पण हळूहळू त्यांच्या सांगण्याचा सूर उतरत गेला.

"समितीतले एक तज्ज्ञ विचारत होते, मुलांना चूक करायला का शिकवायचं?"

"मग?"

"मी म्हटलं, करायला नाही, शोधायला. तर म्हणाले, पण पाठ्यपुस्तकात चूक छापलेली बरी दिसत नाही."

पुढच्या सोमवारी म्हणाल्या, "परीक्षा विभागाचे गृहस्थ आले होते. म्हणतात, याला गुण कसे द्यायचे? मी म्हटलं, मुलाला चूक सापडली की द्या. तर म्हणतात, कोणती चूक सापडायला हवी ते आधी ठरवून छापावं लागेल. नाहीतर प्रत्येकाला वेगळी चूक सापडेल."

"तेही खरंच आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी डबा उघडून त्यात तोंड घातलं.

दीड वर्षाने पाचवीचं पुस्तक आलं. शिपायाने गठ्ठे सोडले आणि बाईंनी पहिली प्रत घेतली. शेवटच्या पानावर समितीच्या यादीत एकोणिसाव्या क्रमांकावर त्यांचं नाव होतं. मग त्यांनी अकरावा धडा उघडला. नाव "भविष्यातील यंत्रे". वर एका चकचकीत यंत्रमानवाशी हात मिळवणारा मुलगा, दोघंही हसताहेत. खाली व्याख्या, ठळक अक्षरात. स्वाध्यायात रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, व्याख्या लिहा. रस्ता सांगण्याचा खेळ कुठेच नव्हता. पानांचा खेळ तेवढा एका निळ्या चौकटीत उरला होता. चौकटीवर लिहिलं होतं, "करून पाहा (परीक्षेसाठी नाही)."

त्या चौकटीतही एक सूचना गळली होती. "एका विद्यार्थिनीला वर्गाबाहेर पाठवा," हे वाक्यच नाही. म्हणजे ती मुलगी वर्गातच बसून सगळ्यांबरोबर पानं गोळा करणार, सगळं बघणार, आणि मग तिला विचारायचं. खेळच संपला.

बाईंनी ती चौकट बोटाने तीनदा वाचली. मला म्हणाल्या, "सर, चूक शोधायचा धडा, आणि त्यातच चूक." हसायचा प्रयत्न केला त्यांनी. जमला नाही.

त्यांनी वर पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं. तिसऱ्याला दोन ओळींचं उत्तर आलं. आपली सूचना नोंदवून घेतली आहे, पुढील आवृत्तीच्या वेळी योग्य तो विचार केला जाईल.

मग प्रशिक्षण. नवं पुस्तक कसं शिकवायचं, ते सगळ्याच विषयांच्या शिक्षकांना शिकवायचं म्हणून तीन दिवस एका मोठ्या सभागृहात बसवलं. आमच्यासमोर पंचविशीतली एक मुलगी, गळ्यात ओळखपत्र, गोड आवाज. पडद्यावर एकेक स्लाईड यायची आणि ती ती वाचून दाखवायची. दुसऱ्या दिवशी पडद्यावर निळी चौकट आली, पानांचा खेळ. बाईंनी हात वर केला.

"यात एक सूचना राहिली आहे. तिच्याशिवाय हा खेळ..."

"बाई, शंका शेवटी घेऊ या हं," ती मुलगी म्हणाली.

शेवटी वेळ संपला. मी बाईंना कोपराने ढोसलं. "अहो, सांगा ना तिला, हा धडा मीच लिहिलाय म्हणून."

"सांगून काय होणार, सर? तिच्या हातात कोणीतरी स्लाईड दिली आहे. ती काय करेल बिचारी?" पण त्यांचा हात पिशवीतलं ते भिंग घट्ट धरून होता.

तिसऱ्या दिवशी परीक्षा झाली. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, पास व्हायला चोवीस. एक प्रश्न मला अजून आठवतो. यंत्राने चूक केल्यास विद्यार्थ्याने काय करावे? पर्याय असे. सूचना तपासून पाहाव्यात. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. तज्ज्ञांना कळवावे. दुसरे यंत्र वापरावे. माझ्याकडे प्रशिक्षणात मिळालेली मार्गदर्शिका होती, ती मी रट्टा मारून गेलो होतो. मार्गदर्शिकेत बरोबर उत्तर "तज्ज्ञांना कळवावे" होतं, मी तेच लिहिलं. विज्ञानाचा मला गंध नाही, पण पाठांतर माझं लहानपणापासून पक्कं आहे.

बाईंनी काय लिहिलं ते सांगायला नको.

निकाल शाळेच्या व्हरांड्यात लावला, जिथे पालक मुलांना घ्यायला थांबतात त्या बाकाच्या बरोबर वर. मला अडतीस. काबाईंना बावीस, आणि पुढे लाल अक्षरात "अपात्र". संध्याकाळी एक आई दुसरीला म्हणाली, "बघ, आणि आपल्या पोरांना हीच विज्ञान शिकवत होती." बाई तेव्हा चार हातांवरून जात होत्या. त्यांनी ऐकलं.

मुख्याध्यापकांनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावरचा कागद सरळ करत म्हणाले, "बाई, माझ्या हातात काही नाही. वरून आदेश आहे. अपात्र शिक्षकांना विज्ञान देता येत नाही. तुम्हाला सुलेखन आणि वाचनालय देतो. तळमजल्यावरची खोली मोकळी आहे."

"हा धडा मी लिहिलाय," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता.

"मला माहीत आहे हो. पण आदेशात तसा काही अपवाद नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तुम्ही पाचवीचं विज्ञान घ्याल ना?"

मी नाही म्हणू शकलो असतो. निदान विचार करतो, एवढं तरी म्हणू शकलो असतो. मी म्हणालो, "घेईन."

बाहेर आल्यावर बाई एवढंच बोलल्या. "खोक्यांच्या कपाटाची किल्ली मागून घ्या. मला दिली नाही, तुम्हाला देतील."

ती खोकी नव्या अभ्यासक्रमाबरोबर आली होती. अठरा छोट्या दोन चाकी गाड्या, मुलांनी सूचना द्यायच्या आणि त्या चालायच्या. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात त्या प्लास्टिकसकट बंद होत्या. एखादी मोडली तर खुलासा कोण लिहिणार, म्हणून. मी एकदा किल्ली मागितली. "तपासणीच्या वेळी काढू," म्हणाले. मी पुन्हा मागितली नाही.

तपासणी झाली ती दुसऱ्या सत्रात. गाड्या निघाल्या, बाकांवर मांडल्या, फोटो निघाले. निम्म्या गाड्यांच्या आत बॅटरीचं पाणी सुटून हिरवट बुरशीसारखं काहीतरी जमलं होतं, पण ते खालच्या बाजूला. वरून सगळं झकास दिसत होतं. अधिकारी खुर्चीत बसले. मी धडा घेतला. मुलं व्याख्या एका सुरात म्हणाली, कवितेसारखी. आवाज लावून म्हणायला मीच शिकवलं होतं.

अधिकारी खूश झाले. म्हणाले, "आता मी विचारतो. यंत्र चुकलं तर काय कराल?"

"तज्ज्ञांना कळवू!" सगळा वर्ग ओरडला.

एक आवाज वेगळा आला. तीच मागच्या बाकावरची बारीक मुलगी. त्या वर्षी ती नापास होऊन पाचवीतच राहिली होती. "आधी आपण काय सांगितलं ते बघायचं. बाई सांगायच्या, चूक आपल्याकडेच असते बहुतेक."

"कोण बाई?" अधिकाऱ्यांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं.

"होत्या एक, जुन्या पद्धतीच्या," मुख्याध्यापक हसत म्हणाले. "आता बदल केलाय."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गही माझ्याकडे बघत होता. मी त्या मुलीला म्हणालो, "पुस्तकात काय दिलंय? नीट वाच. बस खाली."

ती बसली. मी वळलो, तर दारात काबाई उभ्या. हातात वाचनालयाच्या पुस्तकांचा गठ्ठा. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. त्या आत आल्या नाहीत. गठ्ठा सावरला आणि गेल्या.

दुपारी मी तळमजल्यावर गेलो. काहीतरी बोलायचं ठरवून गेलो होतो. त्या पुस्तकांना पुठ्ठे चढवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमचा आवाज खणखणीत आहे, सर. वर्ग चांगला सांभाळता."

"बाई, मी तिथे काय..."

"मला वाईट तुमचं नाही वाटत. तिला पहिल्यांदा तोंड उघडायला दोन वर्षं लागली होती. आता पुन्हा नाही उघडायची."

तसंच झालं. वर्ष संपेपर्यंत त्या मुलीने माझ्या तासाला हात वर केला नाही. मी एक-दोनदा मुद्दाम विचारलं, तर उभी राहून पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं म्हणायची.

बाईंवर शेवटचा घाव घरचा होता. नात दुसऱ्या शाळेत पाचवीत. सुट्टीत आजीकडे आली तेव्हा आजीने अकरावा धडा तिला अंगणात, डोळे बांधून, हसत-खेळत शिकवला. पोरीला तो इतका कळला की परीक्षेत तिने सगळी उत्तरं स्वतःच्या शब्दांत लिहिली. दहापैकी तीन मिळाले. बाईंच्या मुलीचा शाळेत फोन आला. मी तिथेच होतो. पलीकडचं बोलणं ऐकू येत नव्हतं, बाईंचंच येत होतं.

"हो... हो गं... बरोबर होतं पण ते... अगं, तसंच असतं... बरं. बरं, नाही समजावणार. पुस्तकच पाठ करू दे तिला."

फोन ठेवला. खुर्चीवर बसल्या. माझ्याकडे कोरा कागद मागितला. मला वाटलं पुन्हा पत्र लिहिताहेत. त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला. अजून तीन वर्षं बाकी होती. कारण म्हणून त्यांनी बरंच काही लिहिलं होतं. मुख्याध्यापकांनी तो कागद परत केला आणि सांगितलं, इतकं चालत नाही, "कौटुंबिक कारण" एवढंच लिहा. त्यांनी तेवढंच लिहिलं.

निरोप समारंभाला मी भाषण केलं. सगळ्यांना आवडलं. भाषा माझा विषयच आहे.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती पुढच्या वर्षी आली. मी अकरावा धडा काढून बघितला. चूक दुरुस्त झाली होती. म्हणजे निळी चौकटच काढून टाकली होती, आणि त्या जागी यंत्रमानवाचं आणखी एक चित्र. मी प्रत घेऊन बाईंकडे गेलो. का गेलो, मला नीट सांगता येणार नाही. त्यांना बरं वाटेल असं त्यात काहीच नव्हतं.

यजमानांनी दार उघडलं, नेहमीसारखी थट्टा केली नाही. बाई स्वयंपाकघरात होत्या. हात पुसत आल्या, पुस्तक घेतलं, सरळ शेवटचं पान उघडलं.

"नाव आहे अजून," म्हणाल्या.

"हो, ते तरी ठेवलं त्यांनी," मी म्हणालो.

त्यांनी टेबलाच्या खणातून एक पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी वर लिहिलं होतं की या धड्याशी माझा संबंध उरलेला नाही, माझं नाव यादीतून काढावं. हे त्याचं उत्तर होतं. आपले योगदान अमूल्य असल्याने नाव वगळणे शक्य होणार नाही. खाली सही, शिक्का.

"पहिल्यांदाच पंधरा दिवसांत उत्तर आलं," यजमान खिडकीपाशी उभे राहून म्हणाले.

चहा झाला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी सांगितलं की माझी प्रशिक्षक म्हणून निवड झाली आहे. आता इतर शाळांतल्या शिक्षकांना हे पुस्तक मी शिकवणार. सांगितल्यावर वाटलं, जीभ चावावी.

"किती दिवसांचं असतं?" बाईंनी विचारलं.

"तीन."

"अजून तीनच का?" असं काही त्या विचारतील म्हणून मी थांबलो. त्यांनी काही विचारलं नाही. पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "हे घेऊन जा, सर. घरात नको. नात येते, तिला दिसलं की मी काहीतरी बोलून बसेन."

मी पुस्तक पिशवीत घातलं आणि उठलो. दार लावून घेताना त्या "सावकाश जा" म्हणाल्या. आलेल्या कोणालाही म्हणतात, तसं.